खोटं पंक्चर

हवाकाकाच्या दुकानाच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे. दुकानातून दिसणार नाही अशा बेतानं छोट्यानं तिथं ट्रक उभा केला, खाली उतरला, इकडंतिकडं पाहिलं आणि उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा वाल्व खिळ्यानं दाबला. हवा सूं करून सुटली. चोर निदान दुसऱ्याचं तरी चोरतो; हा शहाणा स्वतःच्याच चाकातली हवा चोरत होता. चाक पुरेसं बसल्यावर त्यानं वाल्वची टोपी लावली, हात पँटला पुसले, चेहरा त्रासलेला केला आणि गाडी पुढं काढली.

छोट्याचं वय चाळिशीच्या पुढं, आणि पोट वयाच्याही पुढं. पण हवाकाका त्याच्या वडिलांचा दोस्त, त्यामुळं नाव बदलायचा प्रश्नच नव्हता. हाच ट्रक आधी वडील चालवायचे आणि याच दुकानात हवा भरायचे. वडील गेले तेव्हा छोट्या स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. काकानं दुकानाला कुलूप घातलं आणि पहिल्या खेपेला त्याच्या शेजारी बसून आला. वाटेत एक शब्द बोलला नाही, नुसता प्रत्येक गिअरला मान हलवत राहिला. हे छोट्या विसरला असता तर सगळंच सोपं झालं असतं.

भानगड सुरू झाली ती पुलाच्या कामापासून. छोट्याला नदीच्या पात्रात सळया पोचवायचं काम मिळालं. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून हवा कमी करावी लागे, आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा भरल्याशिवाय खडीचा लांबलचक रस्ता धरण्यात अर्थ नव्हता. एकदा तो तशाच बसक्या चाकांनी काकाच्या दुकानापर्यंत आला, तर नव्या टायरची कड फाटून हातात आली. त्यानंतर त्यानं ठरवलं, हवा आता आपल्याबरोबरच फिरली पाहिजे.

या ट्रकचे ब्रेक तेलावरचे, त्यामुळं मोठ्या गाड्यांसारखी हवेची टाकी आयती नव्हती. सगळं नव्यानं बसवायचं होतं. गॅरेजातला इलेक्ट्रिशियन हाताशी घेतला. त्याला सगळे 'शॉर्टसर्किट' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. क्लीनरच्या सीटखाली कॉम्प्रेसर बसला, चेसिसला पट्ट्या मारून टाकी टांगली, हवा उलटी फिरू नये म्हणून मधे एकमार्गी वाल्व घातला. बॅटरीपासून जाड वायर आणली, तिला फ्यूज दिला. टाकीतला दाब उतरला की मोटर आपोआप सुरू व्हावी आणि भरला की बंद व्हावी म्हणून प्रेशर स्विच लावला, आणि सगळ्याच्या वर एक बटण ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. मोटर टर्रर्र करून चालू झाली, काटा चढायला लागला, तेव्हा छोट्या लहान पोरासारखा हसला.

एकच खोड राहिली. रात्री भरलेली टाकी सकाळपर्यंत निम्मी उतरायची. प्रत्येक जोडावर टेप गुंडाळून झाली, तरी हवा कुठून जाते ते कळेना.

"थोडी गळती सगळ्यांनाच असते," शॉर्टसर्किट म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मग पहिल्यांदाच छोट्या काकाच्या दुकानावरून न थांबता पुढं गेला. नवा रस्ता झाल्यापासून या बाजूला गाड्या फिरकत नव्हत्या. रोजचं म्हणावं असं गिऱ्हाईक हा एकटाच. काका हवेची नळी हातात घेऊनच दारात उभा होता. ट्रक थांबत नाही हे पाहून त्यानं हात वर केला. छोट्यानं हॉर्न दिला आणि मान फिरवली. त्या दिवशी घरी तो भरलं ताट तसंच सोडून उठला.

"सांगून टाका ना सरळ," बायको म्हणाली. "काका काय खाणार आहेत का तुम्हाला?"

"खाणार नाहीत गं. चांगलं झालं म्हणतील. म्हणूनच तर सांगवत नाही."

"मग करा काय करायचं ते. तुमचं डोकं म्हणजे ना!"

त्या डोक्यातून निघालेली युक्ती म्हणजे हे वळण. काकाचं मन राखायचं, दुकान चालतं ठेवायचं आणि आपण नामानिराळं राहायचं. छोट्याला ती युक्ती इतकी आवडली की दरवेळी चाक बदलायचंही त्याला सुचलं नाही. उतरलं की समोर तेच चाक यायचं, त्यातलीच हवा तो सोडायचा.

आज ट्रक दुकानापाशी लागला तेव्हा काका उठून आला नाही. स्टुलावर बसल्या बसल्याच त्यानं चाकाकडं पाहिलं.

"पुन्हा तेच?"

"तेच, काका."

काका गुडघ्यावर हात ठेवून उठला. जॅक लावला, चाक उतरवलं, लोखंडी पट्ट्यांनी टायर सोलला. मागच्या काही खेपांपासून तो नुसती हवा भरून सोडत नव्हता, दरवेळी चाक उघडत होता. वाल्व बदलून झाला होता. टायरला आतून हात फिरवून खिळा, काच, तार सगळं शोधून झालं होतं. त्यानं ट्यूब फुगवली, पाण्याच्या टबात बुडवली आणि डोळे पाण्याजवळ नेऊन ती तसूतसूनं फिरवू लागला. एक बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली. पाणी स्वच्छ आणि शांत.

"काका, राहू द्या. नुसती हवा भरा."

"का? पंक्चर न शोधता तुझ्या बापाला कधी पाठवलं मी?" काकानं ओला हात शर्टाला पुसला. मग तो हात त्यानं डोळ्यांसमोर धरला. "गेला रे हात माझा, छोट्या. चाकातून हवा जाते आणि मला भोक सापडत नाही. डोळे गेले म्हणून चष्मा बदलला. चष्म्याचं नाही ते. झोप लागत नाही रात्री. पडल्या पडल्या तुझं हे चाक फिरवत बसतो."

छोट्यानं खिशातला खिळा मुठीत घट्ट धरला.

"पोरीला कळवलंय," काका म्हणाला. "महिनाअखेरीला येऊन मला घेऊन जा म्हटलं. ज्याला भोक सापडत नाही त्यानं दुकान उघडून बसू नये. एखादा चालत्या गाडीखाली यायचा माझ्यामुळं."

छोट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान चालावं म्हणून त्यानं हा उद्योग मांडला होता, आणि दुकान बंद पडत होतं ते त्याच्याच खिळ्यानं. गप्प राहिला असता तर काका लेकीकडं जाऊन सुखानं राहिला असता आणि याचं पितळ कायमचं झाकलं गेलं असतं. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला म्हणून त्याला स्वतःची किळस आली.  शेवटी तो केबिनमध्ये चढला आणि गुडघ्याजवळचं बटण दाबलं.

टर्रर्र आवाज सुरू झाला.

काकानं मान वर केली. ज्याचा सगळा जन्म त्या आवाजात गेला त्याला तो ओळखायला वेळ लागणार नव्हता. तो ट्रकला वळसा घालून आला, खाली वाकला, टाकी पाहिली, नळी पाहिली. मग वर छोट्याकडं पाहिलं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि हे चाक?"

"मीच सोडायचो हवा. त्या वळणावर. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." छोट्या केबिनमधून खाली उतरला. "चाकाला काही नाही, काका. ट्यूबला भोकच नव्हतं. तुमचा हात गेलेला नाही. मारा मला."

काकानं मारलं नाही. शिवीही दिली नाही. दिली असती तर छोट्यानं ती प्रसादासारखी घेतली असती. टाकी भरून मोटर थांबली, तरी कुठून बारीक सूं ऐकू येतंय का म्हणून काका तिथंच वाकून कान देऊन उभा राहिला. मग दुकानात गेला आणि साबणाच्या पाण्याचा डबा आणि जुना ब्रश घेऊन आला. जमिनीवर पोतं टाकून तो टाकीखाली सरकला आणि एकेका जोडाला फेस लावू लागला. छोट्या शेजारी उकिडवा बसला. 

एकमार्गी वाल्वच्या मागं, जिथं टेप गुंडाळायला बोट पोचत नाही अशा जागी, फेसाचा एक बारीक फुगा उठला. वाढत वाढत बोराएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा उठला.

काकानं त्यावर अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच छोट्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"हे खरं आहे, की हेही तूच पाडलंस?"

"खरं आहे, काका," छोट्या कसाबसा म्हणाला. "मला नाही सापडलं."

काकानं अंगठा उचलला. तिसरा फुगा येईपर्यंत वाट पाहिली, तो आला तसा पाहिला. मग आपला फेसानं भरलेला हात त्यानं उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"पाना दे," तो म्हणाला.