सगळ्यांच्या मापाची वीट

ती हलकी होती. खोक्यातून उचलताना हाताने सवयीने जोर धरला, तो सगळा वाया गेला आणि हात एकदम छातीपर्यंत वर आला — जिना संपल्यावरही अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं, तसा. रंग विटेचाच, खरबरीतपणाही. कडेला दोन टवके उडालेले... दुसऱ्या विटेचेही तेच दोन टवके, त्याच जागी. तिसरीचेही. इतिहासाची शिक्षिका व्हर्मेल विगफॉल हिने ती परत खोक्यात ठेवली. आवाजसुद्धा झाला नाही.

आज बुधवार. बुधवारी दुपारी बारापर्यंत ती पाण्याखेरीज काही घेत नाही. चर्चमधल्या बायका पूर्वापार करतात तसंच. भूक लागली की ती भूक देवापुढे ठेवायची — घे बाबा, माझ्याजवळ आज एवढंच आहे. सकाळपासून ती ठेवत होती. पण आज मधेच ती वीट येत होती, खरी, चर्चच्या मागच्या पायरीतली, निखळून आलेली. नदीकाठच्या भट्टीवर गुलामांची मुलं ओल्या विटा उलटवून वाळत घालायची, त्यातल्या कुणा एकाच्या तीन बोटांचे खळगे तिच्यात कायमचे राहिलेले. दरवर्षी तिच्या तासासाठी चर्चचे सेवक डीकन मझीक ती स्वतः फडक्यात गुंडाळून देत आणि दरवर्षी तेच बजावत. "ने, पण संध्याकाळच्या प्रार्थनेआधी पायरीत बसलेली दिसली पाहिजे. आणि पोरांना सांग, आधी विचारा, मग हात लावा. कुणाच्या बोटांना न विचारता धरतात का, बाई?"

मुलं विटेला विचारायची. आधी हसत, मग न हसता. मग रांग करून ती वीट हातातून हातात द्यायची, कुणी बोलायचं नाही, दंड भरून येईपर्यंत. आणि शेवटी ते तीन खळगे. सातवीतल्या कुणाचंच बोट त्यांत जात नसे. करंगळीसुद्धा अडायची. मुलं दाबून पाहत, एकमेकांकडे पाहत, आणि मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "माझ्या धाकट्या भावाचं जाईल." त्यानंतर वर्गात जी शांतता पडायची ती तिने कधी शिकवली नव्हती. ती फक्त बाजूला व्हायची.

त्या बाजूला होण्यालाच अनुदान मिळालं होतं. गुलामगिरीचा इतिहास नव्या रीतीने शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक संस्था पैसे देते, असं कळल्यावर चर्चच्या स्वयंपाकघरात बसून तिने अर्ज लिहिला. मंजूर झाल्यावर आभाराचा एक दिवसभराचा उपासही केला. कुणाचे आभार मानले मी? देवाचेच... की तेव्हाच काही चुकलं?

मुख्याध्यापक हटो वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि ते तो लपवत नसे. दोन पालकांच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून आज सकाळी दार लावून घेऊन म्हणाला होता, "संस्था पाठीशी आहे तोवर मी त्यांच्याकडे बोट दाखवून सुटतो. संस्था गेली की तुमची वीट चर्चमध्ये, आणि तुम्ही पुस्तकातल्या गुलामगिरीवरच्या त्या एका परिच्छेदावर. तेव्हा मिस विगफॉल, आज जरा गोड बोला."

दहा वाजता संस्थेची पेज एलरी आली, कॅमेरा घेऊन. तरुण, मनापासून बोलणारी. अर्ज वाचून आपण रडलो होतो हे तिने पुन्हा सांगितलं. आता साच्यातल्या विटांची हीच पेटी चाळीस शाळांत जाणार होती. वजन कमी केलं, कारण पायावर पडली तर शाळेवर खटला. रांगेऐवजी मुलांनी विटेवर आपल्या स्वप्नातलं घर रंगवायचं, म्हणजे तास आशेवर संपेल. व्हर्मेल ऐकत होती. भूक लागली होती, पण ती देवापुढे ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

तास सुरू झाला. विचारायला तिने सांगितलं नाही — कुणाला विचारायचं, साच्याला? मुलांनी विटा घेतल्या, एकाने दोन हवेत झेलून दाखवल्या.

"मिस, हिच्यात माझा अंगठापण जातो," ट्रेवॉन म्हणाला. ट्रेवॉन वर्गात सगळ्यांत उंच.

"माझंपण जातं."

"तुझी बोटं आहेत का सॉसेज? आणि तरी जातात!"

वर्ग हसला. आनंदात होता वर्ग. सगळ्यांची बोटं जात होती.

"खळगे आम्ही मुद्दाम मोठे करून घेतले," पेज तिच्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाली. "चाचणीच्या वेळी बऱ्याच मुलांची बोटं बसेनात, बिचारी हिरमुसली. कुणाला वगळल्यासारखं वाटायला नको ना." आणि तिने स्वतःचं बोट, फिकट गुलाबी नखाचं, खळग्यात घालून दाखवलं. "बघा. आम्हीसुद्धा."

व्हर्मेलने जवळची वीट ओढली. तिचं बोट, सांध्याला सुजलेलं, अठ्ठावन्न वर्षांचं, आत सरकलं आणि ऐसपैस बसलं. आतून गुळगुळीत होतं. इतक्या वर्षांत तिने खऱ्या विटेच्या खळग्यात कधी बोट घालून पाहिलं नव्हतं. जाणार नाहीच हे ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं हीच तिची प्रार्थना होती.

घंटा झाली, मुलं रंगीत विटा घेऊन गेली. पेजने खुर्ची खिडकीशी ओढली, कॅमेरा नीट केला. "ही पेटी तुमच्या कल्पनेतली आहे, एवढंच म्हणा. बाकीचं मी जोडते." दारात हटो उभा होता, हात बांधून, नजरेने विनवत.

नाही म्हटलं तर उद्यापासून तो एक परिच्छेद. हो म्हटलं तर चाळीस शाळांत सगळ्यांची बोटं जातील... कुणाचा धाकटा भाऊ कुणाला आठवणार नाही. तिने डोळे मिटले. बारा वाजून गेले होते. डब्यात भात होता, भेंडी होती, उपास सोडायची वेळ झाली होती — आणि भूक तशीच होती, उभी, तापलेली. सवयीने तिने ती उचलली, देवापुढे ठेवायला.

जड होती. एवढी जड की हात खाली ओढले गेले. तिने ती ठेवली नाही. पोटाशी धरून ती बसून राहिली. कुणाला न देता, देवालाही.

"तयार, मिस विगफॉल?" पेजने विचारलं.

तिने डोळे उघडले. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता.