दिव्यांभोवतीची वलये

गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, शिलाई मशीन आणि इस्त्रीचे टेबल यांच्यामध्ये उरलेल्या जागेत, व्हिडिओ गेमच्या नव्या कन्सोलची पेटी उघडण्यात आली. उपस्थित दोघेच: अक्का आणि मी. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सहा वाजता फोनवर हजर होणार होता, आणि त्याला निकाल हवा होता.

निकाल कशाचा, ते आधी सांगितले पाहिजे. भाच्याला आम्ही ठिपक्या म्हणतो. लहानपणी तो आईच्या शिवणाच्या खडूने घरभर ठिपके काढत असे. आता तो दूरच्या शहरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि गेममधला उजेड खरा वाटायला लावणे एवढेच त्याचे काम आहे. रात्रीच्या एका मोटारशर्यतीतले रस्त्यावरचे दिवे करण्यात त्याने तीन वर्षे घातली. आता याच्याही पुढच्या पिढीचा कन्सोल येऊ घातला होता, आणि वरिष्ठांचे मत पडले होते की ग्राफिक्स आणखी सुधारण्यात अर्थ नाही. लोकांना फरकच कळत नाही. उजेडाचा विभाग ठेवायचा की मोडायचा, याची बैठक मंगळवारी होती.

"मामा, आईला काही पढवू नकोस," त्याने मला बजावले होते. "नुसतं खेळू दे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिलाच फरक दिसला नाही, तर बैठकीत मी तोंड उघडणार नाही. दुसरं काम मागून घेईन."

त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. अक्का चाळीस वर्षे कपडे शिवते आहे. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे हे तिला कळलेले असते. माझे चष्म्याचे दुकान आहे. आमच्या भागातले निम्मे डोळे माझ्या तक्त्यासमोर बसून गेले. अक्काचे मात्र नाहीत. "सुई ओवता येते तोवर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही," हा तिचा शब्द, आणि तो मी निमूटपणे मान्य केलेला होता.

ग्राफिक्सचा वाद आमच्यात जुनाच. ठिपक्या नोकरीसाठी गेला तेव्हा त्याचा कन्सोल मागे राहिला. तो ठेवायचा की कुणाला देऊन टाकायचा यावर भांडता भांडता आम्ही एक शर्यत खेळून पाहिली. त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. दर रविवारी चार ते सहा. पडदा मधोमध दुभागतो. वरच्या अर्ध्यात अक्काची गाडी, खालच्या अर्ध्यात माझी. गाड्या साबणाच्या वड्यांसारख्या, झाडे पुठ्ठ्याची. माझे म्हणणे असे की चित्राला किंमत आहे. जे डोळ्याला पटत नाही त्यात मन फार काळ रमत नाही. त्यावर अक्काचे उत्तर ठरलेले: "झाडाला पानं किती, हे मोजायला मी काय माळी आहे? वळण दिसलं की झालं." आणि नेमके त्याच वळणावर ती मला कडेला ढकलून पुढे जाई. अकरा वर्षे मन न रमता मी तिथे काय करत होतो, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही, हा तिचा मोठेपणा.

ठिपक्याने कन्सोलबरोबर टीव्हीही पाठवला होता. तो एवढा मोठा की शिवायला आलेल्या कपड्यांची गाठोडी हलवल्याशिवाय मावेना. ती हलवताना खिडकीत टाचण्यांची उशी दिसली. तिच्यात दहा-बारा सुया दोरा ओवून ओळीने टोचलेल्या होत्या.

"हे काय, युद्धाची तयारी?"

"सकाळीच ओवून ठेवते. उजेड बरा असतो."

मला तिच्या टापटिपीचे कौतुक वाटले. गाठोड्यांत एकही काळे कापड नव्हते. तेही मी विचारले.

"काळ्याचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "तू वायरी जोड."

वायरी जोडल्या, खिडकीचे पडदे ओढले, ठिपक्याची मोटारशर्यत सुरू झाली. आणि पहिलीच निराशा पदरी पडली. पडदा दुभागेना. मी गेमच्या पेटीवरचा मजकूर वाचला: एका वेळी एकच खेळाडू. ठिपक्याने मागे एकदा कारण समजावले होते. एकच रस्ता इतक्या बारकाईने रंगवताना यंत्राचा जीव मेटाकुटीला येतो. दोन गाड्यांसाठी दोनदा रंगवणे त्याला झेपत नाही.

"म्हणजे तू काय करणार?" अक्काने विचारले.

"बघणार."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसशील म्हणायचा."

"गप्प बसेन असं कोण म्हणालं?"

पण मी खरोखरच गप्प झालो. पडद्यावर पाऊस नुकताच थांबलेला एक रस्ता होता. ओल्या डांबरावर दिव्यांचे पिवळे पट्टे पसरले होते, आणि गाडी त्यांवरून जाताना ते बॉनेटवर चढून काचेवरून मागे सरकत होते. बंद दुकानांच्या काचांमागे वस्तू मांडलेल्या दिसत होत्या. वाद मी जिंकलो, असे मला वाटले. फक्त अक्का भलतीच हळू चालवत होती. दोनदा तिने गाडी डावीकडच्या कठड्याला घासली.

"अगं, ही शर्यत आहे. वरात नव्हे."

"बघू तरी दे! पोराने केलंय ते." आणि मग, अगदी हळुवार आवाजात: "दिव्यांभोवती काय सुरेख वलयं काढलीत रे त्यानं."

"कुठं?"

"प्रत्येक दिव्याला आहेत की. इंद्रधनुष्यासारखी, बारीक बारीक पट्ट्यांची."

मी उठून टीव्हीजवळ गेलो. दिवा होता, त्याचा उजेड होता, खाली त्याचे प्रतिबिंब होते. प्रत्येकाची कड कापलेल्या काचेसारखी स्वच्छ होती. वलय एकाही दिव्याभोवती नव्हते.

"खऱ्या दिव्यांना असतात का गं अशी?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारले.

"असतात तर! आपल्या रस्त्यावर नवे दिवे बसवलेत ना, त्यांना आहेतच. तुझं कधी वर लक्ष असतं?"

"कधी बसवले?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

आमच्या रस्त्यावरचे दिवे नऊ वर्षांत बदललेले नाहीत. रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी त्यांच्याखालूनच घरी जातो.

ओवून ठेवलेल्या सुया, नको झालेले काळे कापड, घासलेला कठडा हे सगळे तेव्हा एकदम माझ्यासमोर उभे राहिले. दर रविवारी मी तिच्या शेजारी बसत होतो, पण माझे डोळे माझ्या अर्ध्या पडद्यावर होते. तिची गाडी मी फक्त पुढे जाताना पाहत आलो होतो.

"अक्का, गाडी थांबव."

"मी तिसरी आहे!"

"थांबव. आता उजवा डोळा झाक. काय दिसतं?"

तिने तळहात डोळ्यावर धरला. "धुकं. अरे वा, धुकंही केलंय का त्यानं?"  तिने हात खाली घेतला. "तुझं तोंड असं का झालं?"

"धुकं त्यानं केलेलं नाही, अक्का. वलयंही नाहीत त्यात. ती तुझ्या डोळ्यांत आहेत. मोतीबिंदू असावा."

तिने मापाची टेप उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"मला वाटलं, हातच म्हातारे झाले," ती म्हणाली. "टाका चुकायला लागला होता. येत्या वर्षी मशीन झाकून ठेवायचं ठरवलं होतं मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तक्ता घेऊन धावत आला असतास."

"मग?"

"मग तुझं खरं झालं असतं."

सहाला फोन वाजला. "आई, दिसला का फरक?"

अक्काने माझ्याकडे पाहिले, घसा साफ केला आणि म्हणाली, "निकाल राखून ठेवलाय. साक्षीदाराची तब्येत बरी नाही."

पुढचे मी सांगितले.  ठिपक्या म्हणाला, "मामा, बैठक गेली खड्ड्यात. तिला उद्याच डॉक्टरकडे ने." थोड्या वेळाने त्याने पुन्हा फोन केला, फक्त एवढे सांगायला: सुरुवातीला त्याने दिव्यांना वलये काढली होती, खोटी वाटली म्हणून स्वतःच पुसली.

मंगळवारची बैठक पुढे ढकलली गेली. बैठका बहुधा त्यासाठीच बोलावतात. दोन्ही डोळ्यांवर तीन आठवड्यांच्या अंतराने शस्त्रक्रिया झाली. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी, दिवा न लावता, अक्काने माझ्यादेखत काळ्या दोऱ्याने सुई ओवली आणि ती माझ्या नाकासमोर धरली.  

त्यानंतरच्या रविवारी ठिपक्या स्वतः आला. इस्त्रीच्या टेबलावर चढून बसला आणि लहानपणीसारखी नखे खाऊ लागला. दोन दिवसांनी बैठक होती. अक्काने कंट्रोलर हातात घेतला, गाडी पहिल्या दिव्याखाली नेऊन उभी केली आणि वर पाहत राहिली.

"पुसलीस होय रे वलयं?"

"आई, ती नव्हतीच."

"मला आधीचंच जास्त आवडलं होतं."

ठिपक्याचा चेहरा उतरला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अक्का गाडी पुढे नेत एका बंद दुकानापाशी पुन्हा थांबली. काचेमागे पुतळ्याला कोट घातलेला होता.

"या कोटाची बाही कोणी लावली?"

"का?"

"डावी बाही पुढे लागलीय. खांदा ओढला जातोय बघ. गिऱ्हाईकानं परत आणून तोंडावर फेकला असता."

ठिपक्या टेबलावरून उतरून पडद्याला नाक लावून उभा राहिला. "तो कोट आमच्या आठ जणांनी तपासला होता," तो म्हणाला आणि हसता हसता खालीच बसला. "मामा, हिला दिसतं! अंधारातल्या दुकानातली बाही दिसते!"

"दिसणारच," मी म्हणालो. "मी अकरा वर्षं काय सांगतोय? चित्राला—"

"तू थांब जरा," अक्का म्हणाली. कंट्रोलर तिने मांडीवर ठेवला आणि मुलाकडे वळली. "लिहून घे, तुझ्या साहेबांना सांगायला. फरक दिसतो. बाही नीट कर. आणि चित्र आता पुरे झालं. पुढच्या खेपेला यात तुझ्या मामाला गाडी दे."