धक्क्यासमोरची खोली

नवऱ्याची रजा ऐनवेळी एक दिवस पुढे गेली, त्यामुळे सासू-सुना दोघीच बेटावर उतरल्या. तो येईपर्यंत राहायची जागा त्यांनीच बघून ठरवायची होती. सून फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे हाताळणारी. त्यामुळे सासूबाईंच्या दुखऱ्या पायासाठी तिच्या अटी पक्क्या होत्या: तळमजला हवा, न्हाणीघरात धरायला दांडी हवी आणि आसपास गोंगाट नको. सासूबाईंना काय हवं, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिली जागा बेटाच्या पलीकडच्या टोकाला निघाली. टुमदार बंगली, दाराशी वेताच्या खुर्च्या, समोर निवांत समुद्र. तिथला मॅनेजरसुद्धा कुजबुजल्यासारखा बोलत होता. सून हरखून गेली. सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि शेजारी कोण राहतं म्हणून त्यांनी विचारलं. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, हाकेच्या अंतरावर कोणीही नाही.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. न आवडलेली भेटवस्तू हातात घेताना त्या म्हणत, तेच हे ‘बरं’. सुनेने ते ओळखलं, पण ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवून येऊन कळवतो, असं सांगून तिने रिक्षा धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर नुसती झुंबड. नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते, कोणाची तरी टोपी पाण्यात पडली होती आणि ती काढायला चौघे चार प्रकारचे सल्ले देत होते. सून खानावळीत जागा धरायला आत गेली. मागे वळून बघते तर सासूबाई गायब.

शेजारच्या सायकलच्या दुकानावर ‘खोल्या भाड्याने’ अशी पाटी होती. ती वाचून सून धावत बाजूच्या जिन्याशी पोचली, तर पहिल्या वळणावर सासूबाई धापा टाकत, कठड्याला धरून, वाळत घातलेले पोहण्याचे कपडे काढणाऱ्या एका बाईशी गप्पा मारत होत्या. दुसऱ्या वळणावर त्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरापाशी थांबल्या. खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांना निम्म्या इमारतीची खबरबात कळली होती.

खोली लहान होती. पलंग करकरत होता. खिडकी उघडताच खालचा सगळा कलकलाट आत घुसला. सासूबाई खिडकीशी उभ्या राहिल्या, त्या हलेचनात.

“आई, तुम्हाला इथे दुपारची झोप तरी लागेल का?”

“अगं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. सतत कानात माणसं असायची. आता तुम्ही दोघं कामावर गेलात की घरात घड्याळ तेवढं बोलतं,” सासूबाई म्हणाल्या. “शांतता घरी आहेच गं भरपूर. ती घ्यायला इतक्या लांब कशाला यायचं?”

घरी आई आरामात असतात, हे सून ज्याला त्याला कौतुकाने सांगत आली होती. ती जिन्याकडे गेली, पायऱ्यांची उंची बघितली, कठडा हलवून पाहिला.

“एका अटीवर,” ती म्हणाली. “उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा आणि दिवसातून दोनदाच चढ-उतर.”

“तीनदा,” सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. वरच्या मजल्यावरची खोली, तीही धक्क्यासमोर, हे ऐकून तो वैतागलाच. आईला हे झेपणार आहे का, तू असताना असं कसं ठरलं, असं त्याने सुनावलं.

“मीच पसंत केली,” सून म्हणाली. “तुला शांत जागा हवी असेल तर पलीकडे एक बंगली रिकामी आहे. तू एकटा राहा तिथे.”

सासूबाईंनी खिडकीतून मागे वळून बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. खाली ती टोपी शेवटी कोणीतरी काढली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी वरून टाळ्या वाजवल्या आणि सुनेला जवळ बोलावून खिडकीत जागा करून दिली.