गालातली गोळी

चहाच्या कंपनीत त्याला सगळे ‘जीभसाहेब’ म्हणत. रोज सकाळी लांबलचक टेबलावर मांडलेल्या वाट्यांमधला चहा तो चमच्याने सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. कोणता माल घ्यायचा, कशात काय मिसळायचं, हे त्याच्या जिभेवर ठरायचं. त्याचा त्याला भारी तोरा होता.

आज मात्र तो दवाखान्याच्या बाकावर बायकोशेजारी अंग चोरून बसला होता.

मागे दुर्बिणीच्या तपासणीत त्याच्या जठराच्या अस्तरात बदल दिसले होते. काही ठिकाणी ते आतड्याच्या अस्तरासारखं होऊ लागलं होतं. “हा कॅन्सर नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “पण तिकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात असू शकते. ज्या जंतूने हे केलं तो आधी घालवू, मग अस्तरावर लक्ष ठेवू.”

तोच जंतू बायकोच्याही पोटात निघाला. दोघांना सारख्याच गोळ्या.

“चला, लग्नानंतर पहिल्यांदाच आपली आवड जुळली,” ती म्हणाली होती.

तिला गोळ्या अजिबात सोसल्या नाहीत. मळमळ, जुलाब, सगळं झालं. तरी तिने एकही चुकवली नाही. त्याला त्रास एकच. तोंडात दिवसभर गंजलेल्या लोखंडाची चव. नेमका तेव्हाच कंपनीत नवा माल उतरला होता आणि ‘मला चव कळत नाही’ असं साहेबांना सांगणं त्याच्या जिवावर आलं. मग बायकोने सकाळची गोळी हातावर ठेवली की तो ती गालात सरकवायचा, वर पाणी प्यायचा आणि जिना उतरताना रुमालात थुंकायचा. रात्रीची तेवढी गिळायचा. अर्धी का होईना, घेतो तर आहे, अशी स्वतःची समजूत घालायचा.

आज दोघांनी पिशव्यांमध्ये फुंकर मारून श्वासाची तपासणी दिली होती. बायकोचा जंतू गेला होता. त्याचा होता तिथेच होता.

“गोळ्या सगळ्या घेतल्यात ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्याने तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “माझ्यासमोर घेतल्यात. पाणी मीच देत होते.”

“मग जंतू औषधाला दाद देत नाहीये. पुन्हा दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा काढू, कोणतं औषध लागू पडतं ते बघू.”

“बरं. आणि मलाही द्या पुन्हा,” बायको म्हणाली. “एकटे घेताना कंटाळतील.”

त्याचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

“सकाळच्या मी थुंकल्या,” तो पुटपुटला. “कामावर चव लागेना म्हणून.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “अर्धवट मार खाल्लेला जंतू निबर होतो. आता दुर्बीण नको, पण जास्त कडक औषधं लागतील, ती आजच लिहून देते.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “मी भिंत धरून चालत होते,” तिने त्याला विचारलं, “तेव्हाही?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

दोघं घरी आले. त्याने तिच्यादेखतच साहेबांना फोन लावला आणि औषधं चालू आहेत तोवर चाखायला दुसऱ्याला बसवा, असं सांगितलं. ती नव्या गोळ्या मोजत राहिली.

सकाळी तिने नवी गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं. त्याने गिळली. ती जागची हलली नाही.

“आ करा.”

त्याने आ केला.

“जीभ वर.”

कंपनीतले सगळे जिच्या निकालाची वाट बघायचे, ती जीभ त्याने टाळूला लावली. बायको वाकून आधी एका गालात, मग दुसऱ्या गालात बघत राहिली. त्याने डोळे मिटून घेतले.