उलटा टांगलेला पडदा

केवळराम पेंटरने कोळसा हातात घ्यायला नकार दिला, तेव्हा गोदामातली सगळी माणसं पडद्याच्या मांजरपाटाभोवती बसून होती. कापडाला खडू आणि सरेसचा हात देऊन झाला होता. तो वाळून कडक झाला होता. आता रेघ हवी होती.

"बाई, मी सांगतलं होतं," केवळराम म्हणाला. "घोट घेतल्याबिगर माह्या हाताले रेघ येत नाई."

अंजनाबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. कोळशाचा तुकडा जमिनीवर होता आणि त्याच्यावर धरलेली बोटं थरथरत होती. त्यांनी वाद घातला नाही.

मार्कंड्याच्या देवळाच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठच्या त्या गावात धानाचं जुनं गोदाम रिकामं होतं. तिथे दारू सोडणाऱ्यांचं शिबिर चालायचं. चालवणाऱ्या अंजनाबाई त्याच गावच्या. मागच्या वर्षी शिबिराने भिंतीवर घोषणा रंगवल्या होत्या. त्या गावाने वाचल्या नाहीत आणि शिबिरातल्यांनीही नाही. या वर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकासाठी दर्शनी पडदा करून द्यायचा, असं बाईंनी गावाकडून कबूल करून घेतलं. दर्शनी म्हणजे नाटक सुरू होण्याआधी लोकांना दिसतो तो. कमानींचा महाल त्यावर असतो, हे झाडीपट्टीत सगळ्यांना माहीत आहे.

केवळराम वडशाचा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं. पंचायतींसाठी 'दारू सोडा' लिहायचं कामही त्याने बरंच केलं, आणि ते करताना बाटली शिडीच्या खालच्या पायरीला बांधलेली असायची. हात स्थिर राहायचा. दारू सुटली आणि हात सुटला. शिबिरात येताना त्याने बायकोला, गोकुळाला, सांगितलं होतं: शुद्धीत रेघ आली तर घरी येईन. नाही आली तर माझं दुसरं काम नाही, आणि मग न पिऊन तरी काय करू.

गोकुळाने हे बाईंना सांगितलं होतं. बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही काढू नका, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. हे काढतील."

"हे?" केवळरामने मंगरूकडे बोट केलं. "यानं जन्मात मासोळीच पकडली."

"अन् तुम्ही जन्मात बाटलीच पकडली," मंगरू म्हणाला. तो ढिवर, तलावावर आणि नदीवर जाळं टाकणारा. "सांगा ना, काय कराचं ते."

खांबांपासून सुरुवात झाली. सूत गेरूच्या पाण्यात भिजवलं. एक टोक मंगरूने धरलं, दुसरं बिरजूने. बिरजू एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा, कमी बोलणारा. केवळरामने मध्ये उभं राहून ताणलेलं सूत बोटाने उचललं आणि सोडलं. कापडावर सरळ तांबडी रेघ उमटली. सूत सोडायला हात स्थिर लागत नाही. दुपारपर्यंत सगळे खांब उभे झाले आणि केवळराम शिबिरात आल्यापासून पहिल्यांदा पुन्हा मागून जेवला.

अडलं ते कमानींवर. कमानी तो आयुष्यभर खांद्यातून हात फिरवून काढत आला होता. सुताने कमान निघत नाही.

"दोरी लटकवा," मंगरू म्हणाला. "जाळ्याची वरची दोरी दोन खुंट्याईले बांधली का मधात झोल पडते. तोच तर हाये तुमचा महाल. फक्त उलटा."

केवळरामने सुताचा तुकडा दोन बोटांत लोंबता धरून पाहिला. मग म्हणाला, "मंग पडदाच उलटा टांगा."

पडदा डोकं खाली करून भिंतीला टांगला. खांबांच्या टोकांशी भिजलेली दोरी धरली, झोल सारखा करून कापडावर दाबली, आणि एकामागून एक कमानी उमटल्या. त्या खालच्या बाजूला लोंबत होत्या. पडदा सुलटा केला की वर येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई केवळरामला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पडदा वाळायला तसाच टांगलेला होता. जाताना त्याने सांगितलं: झोलाच्या खाली सगळा फिका निळा लावून ठेवा, ते आभाळ आहे. बाकी मी आल्यावर.

डॉक्टरांनी हात तपासले. थरथर कमी होईल म्हणाले, वेळ लागेल, पूर्ण जाईल का ते आता सांगता येणार नाही. येताना बसमध्ये केवळराम खिडकीतून बाहेर बघत होता. बाईंनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

ते गोदामात शिरले तेव्हा माणसं बाजूला झाली. निळा रंग सांगितला तिथेच लागला होता. पण वरून दोऱ्यांचे झोल, खाली निळं आणि समोर मंगरू, म्हटल्यावर पुढचं आपोआप झालं होतं. खांब ब्रशने वाढवून पाण्यात पुरले होते. दोऱ्यांखाली जाळ्याचे डोळे विणले होते. जाळ्याच्या आत-बाहेर मासोळ्या होत्या, मरळ, वांब, झिंगे, ज्याला जी येते ती. तळाशी चिखल आणि त्यात खेकडे. वर, जिथे महालाचे दरवाजे व्हायचे होते, तिथे पलीकडचा काठ आला होता आणि बिरजूने त्यावर मोहाचं झाड काढलं होतं.

"मोह काऊन काढला रे?" बाईंच्या तोंडून गेलं.

"फुलं पडते तवा आमी खातो, बाई," बिरजू म्हणाला. "झाडानं का केलं?"

केवळराम भिंतीपाशी गेला. मान वाकडी करून त्याने तो पडदा मनात सुलटा केला. कमानींच्या डोक्यावर, जिथे कळस आणि आभाळ असायचं, तिथे खेकडे होते.

"मंडई परवा हाये," तो म्हणाला. "सरेसचा रंग पुसला तर खालचा पांढरा निघते. दुसरं कापड नाई." तो मंगरूकडे वळला. "राजाच्या टकुऱ्यावर झिंगे सोडले तू?"

"आमाले तसंच दिसलं, भाऊ."

"तुमाले दिसलं. लोकं मले हासतीन. केवळराम पेंटरचा पडदा म्हणून हासतीन."

तो बाहेर गेला. गोदामाच्या फाटकापासून पायवाट नाल्याकडे जाते, आणि नाल्यात मोहाची भट्टी आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. मंगरू उठला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं.

"जाऊ द्याचं का मंग?"

"फाटक कवाच बंद नसते आपलं. तुह्यासाठी बी नव्हतं."

केवळराम फाटकापाशी उभा राहिला. बिडी पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या. बिरजू त्याच्या मागे गेला नव्हता, पण गोदामाच्या दारात येऊन बसला होता आणि तिथून त्याला पाहत होता. बिडी संपली. दुसरी पेटली नाही.

मग केवळराम परत आला, पण शांत होऊन नाही. तो दारातूनच ओरडत आला.

"अन् त्या मरळीले डोळा काऊन नाई ठेवला? आंधळी मरळ पोहून राह्यली! कोणं काढली ती?"

"मी," मंगरू म्हणाला.

"जन्मभर मासोळी पकडली अन् डोळा नाई पाह्यला?"

"पकडताना शेपटी पाह्यतो, भाऊ."

कुणीतरी हसलं. केवळरामने हसणाऱ्याकडे पाहिलंही नाही. त्याने मंगरूच्या हातातून ब्रश काढून घेतला, काळ्या रंगात बुडवला, वाटीच्या काठाला निथळला आणि मरळीला डोळा दिला. मग कल्ला. कल्ला काढल्यावर पाठ चुकीची दिसायला लागली, म्हणून पाठीची रेघ काढली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एका दमात. ती रेघ हलत गेली. तिथून तो शेजारच्या वांबेकडे सरकला.

त्याची तिसरी मासोळी झाली. मग मंगरूला राहवलं नाही.

"भाऊ, हात हालून राह्यला तुमचा."

केवळरामचा ब्रश थांबला. त्याने हाताकडे पाहिलं, मग कापडाकडे. कापडावर तीन मासोळ्या होत्या. त्यांच्या रेघा वेड्यावाकड्या होत्या. मासोळ्या मात्र मासोळ्याच होत्या, आणि पाण्यात होत्या.

"हालू दे," तो म्हणाला. "पानी का एका जागी राह्यते? वाटी भर."

पडदा सुलटा करायचा विषय पुन्हा निघाला नाही. वरचा बांबू होता त्याच बाजूला पक्का शिवला. दुसऱ्या दिवशी केवळरामने दुपारनंतर काम केलं, कारण सकाळी हात जास्त हलतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. जाळ्याचे डोळे त्याला जमले नाहीत, ते मंगरूने पुरे केले. मोहाच्या झाडाला त्याने सावली दिली आणि बिरजूला विचारून दिली.

मंडईच्या दिवशी दुपारी मांडवात पडदा चढला. नाटक कंपनीचा मॅनेजर भूपेश चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"महाल कुठी हाये, पेंटरभाऊ?"

"बुडाला," केवळराम म्हणाला.

भूपेशने आणखी थोडा वेळ पाहिलं. "दर्शनीले चालते. पण माह्या नाटकात अंगणाचा सीन हाये, अन् अंगणाचा पडदा पार फाटला. घर, तुळस, विहीर. मासोळ्या नाई पाहिजे त्याच्यात. जमते का?"

ज्या माणसाने पूर्वी अशा प्रश्नाला लगेच हो म्हटलं असतं, तो थांबला. "विहीर जमते. घर सुताचं हाये, त्याले दोन माणसं लागतीन. तुळशीचं मी दुपारी पाहीन. तुमाले घाई असन तर दुसऱ्याले द्या."

"होळीपर्यंत द्या," भूपेश म्हणाला आणि ट्रकमधलं सामान उतरवायला गेला.

गोकुळा सकाळच्या बसनेच आली होती. ती आतापर्यंत बायकांच्या बाजूला, मांडवाच्या खांबाशी उभी होती. आता ती पडद्याजवळ आली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू पाहत गेली. बऱ्याच मासोळ्यांवरून पुढे गेली. मग मरळीपाशी थांबली, वांबेपाशी थांबली, आणि तळाच्या एका लहान झिंग्यापाशी वाकली.

"ह्या तुमच्या," ती म्हणाली.

"कोणं सांगतलं?"

"कोणी नाई." तिने बोट कापडाला न लावता मरळीच्या पाठीवरून शेवटपर्यंत नेलं. "प्याले होते का काढताना?"

"नाई."

तिने त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतला, जसा ती कित्येक वर्षं घेत आली होती, सगळ्या मांडवासमोर. मग पदर सारखा केला.

"घरी कवा येता?"

"अंगणाचा पडदा हाये आता. इथंच कराचा लागन, सूत धराले माणसं इथीच हायेत."

"म्हंजे होळीपर्यंत."

"आठवड्याले येईन. शनिवारी."

"शनिवारी माहा भाजीचा बाजार राह्यते," गोकुळा म्हणाली. "रविवारी या. दिवसाच्या बसनं."

"येतो," केवळराम म्हणाला. मागून मंगरू हाक मारत होता. वाऱ्याने पडद्याचं खालचं टोक सुटलं होतं आणि ते बांधायला कुणीतरी हवं होतं.