पाव गोळी

चाकणच्या कंपनीत प्रेस मशीन चालवणारा नवनाथ टार्गेट वेळेआधी पूर्ण करण्यात पटाईत होता. त्या सवयीनंच त्याचा घात केला.

दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टनं झोपेचं पार खोबरं केलं, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभरासाठी झोपेची गोळी दिली होती. त्या महिन्याची दोन वर्षं झाली. नाइट शिफ्ट करून तो दिवसा असा झोपायचा, की एकदा त्याची पाच वर्षांची लेक दिव्या पलंगावरून पडून रडली तरी हा ढिम्म. शेजारच्या इंदुताई धावत आल्या. बायको योगिनी कामावरून परतली तर पोरीच्या कपाळावर टेंगूळ आणि बाप घोरतोय. ती भांडली नाही, आणि तेच नवनाथला जास्त लागलं. गोळी सोडायचीच, असं त्यानं ठरवलं.

"दर दोन आठवड्यांनी पावच गोळी कमी करा," डॉ. शुभदा म्हणाल्या. दोन महिने कशाला, म्हणून पठ्ठ्यानं चार दिवसांत शून्यावर आणली. पाचव्या दिवशी हात इतके थरथरले, की सुपरवायझरनं त्याला प्रेसवरून उठवून घरी धाडलं.

"शर्यत लावायलात का हो?" योगिनी म्हणाली. ती त्याला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"फिट आली असती!" डॉक्टर रागावल्या. "मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. गोळी त्याचा जोर वाढवते. मग मेंदू स्वतः शांत व्हायचं विसरतो. वर डोपामाइन, म्हणजे चटक लावणारं रसायन, वाढतं, म्हणून गोळी हवीहवीशी वाटते."

"म्हणजे कॉन्ट्रॅक्टचा माणूस आला की पर्मनंटवाला बसून राहतो, तसं?"

त्या हसल्या. "तसंच. आता पर्मनंटवाल्याला हळूहळू कामाला लावायचंय."

गोळ्यांचा डबा योगिनीनं स्वतःकडे घेतला. पाव गोळी ती ब्लेडनं कापून द्यायची आणि तो ती निमूटपणे घ्यायचा. दोन महिन्यांचे सहा झाले, पण गोळी सुटली.

नंतर एका दुपारी तो झोपलेला असताना दिव्याचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं. ती रडत, सवयीनं, शेजारी निघाली. "इंदुआजी!"

ती उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत नवनाथनं तिला उचललं. बोटावर फुंकर घातली. दिव्या रडायचीच थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"पप्पा, तुम्हाला ऐकू येतं?"