तळाचा घोट

तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाणी पुन्हा बोटभर उतरलं होतं. झाकण घट्ट होतं, गळती कुठेच नव्हती. तिच्या काळजात धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तोच येतो आणि पिऊन जातो, असं तिनं मनाशी धरलं होतं. वेडेपणाच तो, पण कुणाला सांगत होती थोडीच.

नवऱ्याच्या पायाला भिंगरी होती. सुट्टी आली की डोंगर, नाहीतर नदी. पण रात्री जेवायला घरीच. येताना तिथलं पाणी आणायचा. लेकीला मांडीवर घेऊन सगळ्यांना कपभर वाटायचा आणि विचारायचा, “ओळखा, कुठलं?” सासरे तेवढे कप बाजूला सारायचे. “घरात काय नळ नाहीये?” मुलाचं हे भटकणं त्यांना कधी पटलंच नाही.

शेवटच्या खेपेला कड्यावरून त्याचा पाय घसरला. वर झऱ्यापाशी राहिलेली त्याची पिशवी लोकांनी आणून दिली, तीत ही भरलेली बाटली होती. तिनं ती कपाटावर ठेवली आणि थेंबालाही तोंड लावलं नाही. हे पाणी संपलं की तो खरोखर संपला, याची तिला भीती वाटायची.

एका दुपारी ती कामावरून लवकर परतली. कपाटापाशी सासरे उभे होते. त्यांनी झाकणभर पाणी ओतून घेतलं, प्यायले आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले.

“चांगलं आहे रे,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ती पाऊल न वाजवता मागे फिरली. आधी संताप आला. जन्मभर नाकं मुरडली आणि आता चोरून पितोय म्हातारा! मग जिन्यातच बसून ती पोटभर रडली.

पुढे बाटली तळाला गेली. घोटभर उरलं. उद्या रिकामी दिसली तर सासऱ्यांचं काय होईल, या विचारानं तिला काही सुचेना. शेवटी मन घट्ट करून तिनं बाटली नळाखाली धरली.

संध्याकाळी सासरे बाटली घेऊन स्वयंपाकघरात आले.

“पोरी, तळाचा तो घोट तुझ्यासाठी ठेवला होता मी. कधीचा हात लावला नव्हता.”

कणीक मळणारा तिचा हात थांबला.

“बाबा, मला वाटलं, तुम्हाला…”

“कळलं मला.”

त्यांनी फळीवरून दोन कप काढले, त्याच बाटलीतून भरले आणि एक तिच्यापुढे सरकवला.

“ओळख, कुठलं?”

तिनं घोट घेतला. नळाच्या पाण्याचा वास लपत नव्हता.

“झऱ्याचं,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली, आपला कप संपवला आणि पुन्हा पुढे केला.